सिलासाच्या पुलावरचा मेजर

घराला रंग द्यायला सैनिक आले तेव्हा त्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. ट्रकमधून शिड्या उतरवल्या, डब्यांची झाकणं उचकटली, आणि वेली-पानांनी भरलेल्या कोरीव फळ्यांवर सरळ लष्करी हिरवा रंग फासून मोकळे झाले. तांबडा, काळा, पिवळा, सगळे जुने रंग दोन तासांत गडप. रोस्नीदार जिन्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"घर आहे की दारूगोळ्याचं कोठार?" ती म्हणाली. "आता दारात एक पहारेकरी उभा केला की झालं. मी पण आत जाताना चिठ्ठी दाखवीन."

"उनी, रंगच आहे गं. सोहळा झाला की पुन्हा देऊ," यूर्निस म्हणाली. थोरल्या बहिणीला ती लहानपणापासून उनी म्हणायची. आता स्वतःची अठ्ठेचाळिशी आली तरी उनीसमोर तिचा आवाज अजून शाळकरी पोरीसारखा व्हायचा.

"तू त्याचं सगळंच 'पुन्हा करू'वर ढकलतेस."

ते खरं होतं. गेले दोन महिने ती दुसरं काही करतच नव्हती. भाऊ चुकला की सावर, उनी चिडली की शांत कर. या भावाने, नासरुलने, तीस वर्षं सैन्यात काढली होती, जनरल झाला होता, आणि दोन वर्षांपूर्वी राजधानीने त्याला याच प्रांताचा गव्हर्नर करून पाठवलं होतं. लोकांनी निवडला नव्हता, लोकांना विचारलंही नव्हतं. या मुलखाने एकदा बंड केलं होतं. त्या मुलखावर त्याच मातीतला माणूस बसवला की लोक मुकाट राहतात, असा राजधानीचा हिशेब.

आता त्याला दातुक व्हायचं होतं. घराण्याचा दातुक, आईच्या वंशाचा प्रमुख. जुने मामा वारल्यापासून ती जागा रिकामी होती, आणि नवा मंत्री प्रांतात येणार होता. ज्या लोकांवर आपण बंदूक धरली तेच लोक आज आपल्याला डोक्यावर घेतात, हे मंत्र्याच्या डोळ्यांना दिसलं की पुढची पाच वर्षं पक्की. पण जनरलच्या हाताखाली कितीही पलटणी असोत, दातुकाचा फेटा होता रोस्नीदारच्या पेटीत. मिनांग मुलखात घर बाईचं, शेत बाईचं, वंशही बाईचा. घरातल्या बायकांचं एकमत होऊन थोरलीने तो फेटा हातात दिल्याशिवाय कुणाच्याही डोक्यावर चढत नाही, मग तो सेनापती असो की म्हशी राखणारा.

आणि रोस्नीदार अडून बसली होती. कारण एकच, जामाल.

जामाल सगळ्यात धाकटा. गावच्या शाळेत गुरुजी. बंदूक त्याला नीट धरताही यायची नाही, पण गावातले सगळे तरुण बंडात रानात गेले तसा तोही गेला. तिसऱ्या वर्षी सरकारने माफी जाहीर केली. खाली या, शस्त्रं टाका, घरी जा. जामाल खाली यायला निघाला. सिलासा नदीच्या पुलापर्यंत आलेला लोकांनी त्याला पाहिला. पुलाच्या अलीकडे तो कधी आलाच नाही. आई बावीस दिवस केळीच्या पानात भात बांधून छावणीच्या फाटकाशी जात राहिली. मग समुद्रापलीकडून, मकासारहून, नासरुलचं पत्र आलं. 'मी इथे दूरच्या ठाण्यावर आहे, माझ्या हातात काही नाही, अल्लावर भरवसा ठेव.' आईला वाचता येत नव्हतं. ते पत्र यूर्निसने तिला वाचून दाखवलं, एकदा नव्हे, आई मरेपर्यंत रोज.

"तो मकासारला होता, उनी," दोन महिने यूर्निस हेच घोकत होती. "तिथून त्याने काय करायचं होतं? आपल्यावर चाल करून आले त्यांच्यात तो होता, कबूल. पण जामालचं त्याच्या माथी कसं मारायचं? आपल्याला एकच भाऊ उरलाय."

काल संध्याकाळी रोस्नीदारने शेवटी मान हलवली होती. "तुझ्यासाठी देते," ती म्हणाली होती. "त्याच्यासाठी नाही. तुझ्या शब्दावर."

*

सोहळ्याच्या सकाळी घरामागे सात चुली पेटल्या होत्या. म्हैस पहाटेच कापली होती आणि गावातल्या बायका नारळाच्या दुधात रेन्दांग ढवळत होत्या. कुणी म्हणत होतं, जनरलच्या म्हशीलासुद्धा शिस्त आहे, शिजायला हुकुमाची वाट बघते. हशा पिकत होता.

यूर्निसचा मुलगा हेरमान जीपमधून उतरला, हातात पुस्तिकांचा गठ्ठा. पंचविशीचा पोरगा, गव्हर्नरच्या कचेरीत लागून त्याला वर्ष झालं होतं. मामाने भाच्याला लावून घेतला यात गावाला वावगं वाटलं नाही. पोटच्या पोराला कडेवर घ्यावं, भाच्याला बोट धरून चालवावं, असं इथले म्हातारे सांगतातच.

"आई, ही बघ! मी लिहिलीय. सगळी, पहिल्या पानापासून." चकचकीत मुखपृष्ठावर नासरुलचा पदकं लावलेला फोटो होता. "मंत्रीसाहेब बसले की ध्वनिक्षेपकावर तू वाचायचीस. मामा म्हणाले, यूर्निसचा आवाज शाळामास्तरणीचा, शेवटच्या रांगेपर्यंत जातो."

"एकदा नजर घालते. अडखळायला नको."

ती मागच्या पायरीवर बसली. जन्म, शाळा, जपान्यांच्या काळात घेतलेलं सैनिकी शिक्षण, स्वातंत्र्ययुद्ध. हेरमानने छान लिहिलं होतं, जरा फुगवून, पण छान. तिने पान उलटलं.

'त्या वर्षीच्या जून महिन्यात मेजर नासरुल यांनी सिलासा पुलावरील नाक्याचे नेतृत्व स्वीकारले व शरण आलेल्या बंडखोरांच्या परतीची संपूर्ण व्यवस्था आपल्या देखरेखीखाली शिस्तबद्धपणे पार पाडली.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मुलांच्या वह्या तपासताना वाचते तशी, शब्दाखाली बोट धरून.

"हेरमान, हे तुला कुठे मिळालं?"

"कुठलं? ते? सेवा-पुस्तकातून. शिक्क्यासकट आहे."

"जूनमध्ये ते मकासारला होते."

"छे. मकासारला ऑगस्टात गेले. त्याच्या आधी अडीच महिने पुलावर. का गं? महिना चुकलाय का?" त्याच्या चेहऱ्यावर फक्त टंकलेखनातल्या चुकीची काळजी होती. जामाल गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याच्यासाठी तो भिंतीवरचा एक फोटो होता.

पत्रावर तारीख नव्हती. हे तिला आत्ता सुचलं. रोज ते पत्र वाचणाऱ्या शिक्षिकेला, दुसऱ्यांच्या वह्यांत तारीख नाही म्हणून लाल रेघ ओढणाऱ्या बाईला, हे कधीच खटकलं नव्हतं. आणि याच पत्राच्या जोरावर तिने उनीला गळ घातली होती. भावाने खोटं सांगितलं होतं हे एक. ते खोटं दोन महिने स्वतःच्या तोंडाने ती विकत होती, हे तिच्या अंगाची लाही लाही करून गेलं.

रोस्नीदार आतल्या खोलीत पेटीसमोर बसली होती. काळ्या कापडाच्या घड्या घातलेला फेटा तिच्या मांडीवर होता.

"उनी, मी तुला फसवलं," यूर्निस म्हणाली. "मला माहीत नव्हतं, पण फसवलं." आणि तिने ओळ वाचून दाखवली.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचली. रोस्नीदारने फेटा बाजूला ठेवला. "त्याला बोलाव. एकट्याला."

*

नासरुल एकटा आला नाही. दाराबाहेर त्याचा कॅप्टन उभा राहिला, हातावर दातुकाचा सोनेरी काठाचा काळा अंगरखा घेऊन. नासरुल खाली वाकून आत शिरला, काळा चष्मा काढला, थोरल्या बहिणीचा हात कपाळाला लावला. तिने हात मागे घेतला नाही, पण पुढेही केला नाही.

"काय झालं? मंत्री अर्ध्या तासात येतायत."

यूर्निसने पुस्तिका त्याच्यापुढे धरली. "ही ओळ, उदा," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती उदा म्हणायची.

त्याने वाचली. चेहरा हलला नाही. आणि जनरलने पहिलं काय विचारावं?

"कुणी लिहिलं हे?"

"तुमच्या भाच्याने. तुमच्याच सेवा-पुस्तकातून."

"गाढव आहे."

"गाढव नाही, प्रामाणिक आहे. तुमच्या कचेरीत दोन्ही एकच धरत असतील."

"यूर्निस, आवाज खाली."

"आईला तुम्ही लिहिलंत, मी दूर आहे! आई बावीस दिवस ज्या फाटकाशी उन्हात बसली, त्याच्यापासून पूल किती लांब होता? जीपने वीस मिनिटं? तुम्ही वीस मिनिटांवर होतात आणि तिने आणलेला भात रोज तुमचे शिपाई खात होते!"

तो पेटीवर बसला. ती पेटी बायकांची होती, तिच्यावर पुरुष बसत नसत. थोडा वेळ तो गव्हर्नर दिसला नाही, नुसता चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस दिसला.

"वरून यादी आली होती," तो म्हणाला. "माफी सगळ्यांना, यादीतल्यांना सोडून. गुरुजी, पत्रकं लिहिणारे, लोक ज्यांचं ऐकतात असे. त्याचं नाव त्यात होतं. मी खोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच ओळीत माझं नाव आलं असतं. आधीच सगळे माझ्याकडे संशयाने बघत होते, हा इथलाच, हा त्यांचाच. तुम्हाला काय कळणार?"

"त्याने तुला पाहिलं?" रोस्नीदारने विचारलं.

नासरुलने चष्म्याच्या दांड्या मिटल्या. "पाहिलं. 'उदा' म्हणून हाक मारली. शेजारी राजधानीचा एक कॅप्टन उभा होता. त्याने मला विचारलं, हा तुम्हाला दादा का म्हणतो?"

"मग?"

"मी म्हटलं, इथले लोक सगळ्यांनाच दादा म्हणतात."

बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. यूर्निसला वाटलं आपण आता किंचाळू. पण रोस्नीदारचा आवाज इतका हळू आला की तीही थांबली.

"कुठे पुरलंत त्याला?"

त्याने बहिणीकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे. आणि तो पेटीवरून उठला तेव्हा परत गव्हर्नर झालेला होता.

"उनी, आता सगळा गाव जमलाय, मंत्री वाटेत आहेत. माझी शोभा करू नकोस. फेटा दे, कार्यक्रम नीट पार पडू दे. संध्याकाळी मी स्वतः तुला गाडीतून नेऊन जागा दाखवतो."

"आणि नाही दिला तर?"

"चौदा वर्षं झाली. मला जागा आठवत नाही मग."

"हे... हे तुम्ही मोल लावताय?" यूर्निस म्हणाली. "भावाच्या हाडांचं? घरात बसून? आपल्याच बहिणीशी?"

"देते," रोस्नीदार म्हणाली.

"उनी!"

"देते म्हटलं ना!" थोरलीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू गप्प बस. तुला काय, तू रोज शाळेत जातेस, चार पोरांत मन रमतं. मी चौदा वर्षं नमाजानंतर हात वर करते आणि मला कळत नाही, त्याचं नाव जिवंतांत घेऊ की मेलेल्यांत. फेटा काय, तीन हात कापड आहे. घेऊन जा म्हणावं. मला माझा भाऊ दे."

नासरुलने मान डोलावली. बाहेर जाताना त्याने कॅप्टनला खूण केली. कॅप्टनने अदबीने यूर्निसच्या हातातली पुस्तिका घेतली, लाल पेन्सिलने ती ओळ खोडली आणि परत दिली. "बाई, एवढी ओळ सोडून वाचा."

दारात नासरुल तिच्या कानाशी वाकला. "हेरमानची बढती माझ्या टेबलावर आहे. आणि ही चूक त्याने केलीय, हे मी विसरू शकतो. किंवा लक्षात ठेवू शकतो."

तिने मान खाली घातली. त्याला वाटलं, पटलं.

*

मांडवात चारशे माणसं होती. मंत्री मधल्या खुर्चीत, घामाने डबडबलेला, मांडीवर रुमाल. उजवीकडे इतर घराण्यांचे दातुक काळ्या फेट्यांत, डावीकडे बायका. रोस्नीदार सगळ्यांत पुढे, मांडीवर तबक, तबकात फेटा. झांजा-ढोलवाले थांबले आणि यूर्निस ध्वनिक्षेपकासमोर गेली.

ती छान वाचत होती. जन्म, शाळा, स्वातंत्र्ययुद्ध. मंत्री मान हलवत होता. नासरुल गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता. तिने पान उलटलं. लाल रेघेखालची अक्षरं स्पष्ट दिसत होती. पेन्सिल ती, तिने काय झाकणार.

मांडवाच्या खांबाशी हेरमान उभा होता, नवा शर्ट घालून, आपण लिहिलेलं ऐकायला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने वाचलं.

"'त्या वर्षीच्या जून महिन्यात मेजर नासरुल यांनी सिलासा पुलावरील नाक्याचे नेतृत्व स्वीकारले...'"

वाक्य तिने शेवटपर्यंत वाचलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचलं. शुद्धलेखन घालते तसं, प्रत्येक शब्द तोडून. बायकांच्या बाजूने एक आवाज आला, रडण्याचा नव्हे, श्वास आत ओढल्याचा. त्या पुलावरून घरी न आलेला माणूस एकट्या रोस्नीदारच्या घरचा नव्हता.

कॅप्टनने तार उपटली. यूर्निसला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना चाळीस पोरांना पाढे शिकवलेला आवाज होता तो.

"आम्हाला पत्र आलं होतं, मी मकासारला आहे म्हणून! ते मी आईला वाचून दाखवलं, ती मरेपर्यंत. खोटं होतं ते. सरकारी शिक्का सांगतो, तो पुलावर होता. आज सकाळी स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने. आणि विचारलं, भाऊ कुठे पुरलाय, तर म्हणतो, आधी फेटा द्या!"

"माझी बहीण," नासरुल उठून मंत्र्याला म्हणाला, हसायचा प्रयत्न करत, "जरा हळवी आहे. धाकट्या भावाच्या आठवणीने..."

"हळवी नाही, संतापलेय!" यूर्निस म्हणाली. "फरक कळत नसेल तर शाळेत या, शिकवते."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं आणि घाबरून गप्प झालं.

तेव्हा दातुकांतला सगळ्यांत वयस्क, ऐंशीचा म्हातारा, काठी टेकत उभा राहिला. फेटा द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायची रीत असते. नेहमी नुसता विचारायचा म्हणून विचारतात, आणि घरातल्या बायका गप्प राहतात, तोच होकार. म्हाताऱ्याने मंत्र्याकडे पाहिलं नाही, गव्हर्नरकडेही नाही.

"या घरातल्या बायकांचं एकमत आहे का?"

"नाही," यूर्निस म्हणाली.

"मग फेटा पेटीत जाईल," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. इतकंच.

रोस्नीदार उठली. तबक हातातच होतं. ती भावाकडे गेली नाही, सरळ बहिणीसमोर आली. "काय केलंस?" ती म्हणाली. "काय केलंस तू, यूर्निस? आता तो सांगेल का? माझ्या हातात आलेला जामाल घालवलास! तुझ्या एका रागापायी घालवलास!"

आपण बरोबर होतो हे यूर्निसला कळत होतं आणि उनीही बरोबर होती.

"बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

झांजवाल्यांतला एक म्हातारा उभा होता. सिलासाच्या काठचा, साबिरीन नावाचा, लग्नाकार्यांत वाजवायला यायचा. चेहरा सगळे ओळखत, नाव फार थोडे.

"बाई, जागा मला माहीत आहे. खड्डा मीच खणलाय. मी आणि माझा मेहुणा. बंदूक लावून खणून घेतला. अकरा जण होते."

"गप्प बसव त्याला," नासरुल म्हणाला. कॅप्टन दोन पावलं पुढे गेला आणि थांबला.

"चौदा वर्षं?" रोस्नीदार म्हाताऱ्याला म्हणाली. "चौदा वर्षं तू आमच्या दारात झांजा वाजवतोस!"

"हो," साबिरीन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "शपथ घातली होती, बोललास तर बारावा तू. आणि कुणी विचारलंच नाही, बाई. त्या पुलाचं नाव आज पहिल्यांदा कुणी मोठ्याने घेतलं."

रोस्नीदारने तबक शेजारणीच्या हातात दिलं. "चल," ती साबिरीनला म्हणाली. "आत्ता."

ती निघाली तशी बायकांची पुढची रांग उठली, मग मागची. चुलीपाशी होत्या त्याही आल्या, हाताला मसाला तसाच. पुरुषांनी वाटेत कुदळी घेतल्या. मंत्री कुणाचा निरोप न घेता गाडीत जाऊन बसला.

"थांबवा त्यांना!" नासरुल ओरडला.

"बायका आहेत, सर," कॅप्टन म्हणाला. आणि त्याने अंगरखा खुर्चीवर घडी घालून ठेवला.

*

जागा पुलाच्या खाली होती, उजव्या काठाला, बांबूच्या बेटामागे. कितीतरी जणी तिथे वर्षानुवर्षं कपडे धुवायला येत होत्या. साबिरीनने चार पावलं मोजली, दोन मागे घेतली, आणि म्हणाला, इथे. दुपार कलेपर्यंत पहिली कवटी लागली. त्यानंतर कुदळी बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांनी हातांनी माती काढायला सुरुवात केली. हेरमानचा नवा शर्ट कोपरापर्यंत चिखलाने माखला होता.

"आई, माझी नोकरी गेली ना?"

"गेली," यूर्निस म्हणाली. "माझीही जाईल." आणि तसंच झालं. महिन्याभरात तिला शाळेतून कमी केलं, हेरमानची बदली अशा बेटावर झाली की त्याने राजीनामा देणं पसंत केलं. नासरुल आणखी दीड वर्ष गव्हर्नर राहिला, मुदत वाढली नाही, फेटा मिळाला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी ती माती चाळत होती.

इंजिनाचा आवाज आला तसे सगळ्यांनी वर पाहिलं. पुलावर जीप थांबली. नासरुल उतरला, एकटा. टोपी नव्हती. कठड्याशी येऊन तो खाली बघत राहिला. मग बाजूच्या पायवाटेने उतरू लागला.

"थांब!" यूर्निस उभी राहिली. सबंध आयुष्यात तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "खाली येऊ नकोस."

"यूर्निस, तो माझाही..."

"नाही. तू तिथे उभा होतास ना तेव्हा? तिथेच उभा राहा. तिथून बघ."

नासरुलने थोरल्या बहिणीकडे पाहिलं. लहानपणापासून घरात कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द तिचा. रोस्नीदारने त्याच्याकडे नजरही वर केली नाही. ती मातीतून एक एक हाड उचलून पदराला पुसत होती. तो परत चढून वर गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. संध्याकाळच्या नमाजाची बांग झाली तरी तो तसाच उभा होता.

अकरा जणांची हाडं एकमेकांत मिसळली होती. चौदा पावसाळ्यांत नदी दर वर्षी काठापर्यंत चढत होती. इमाम गोंधळात पडले, कुणाचं कोण ते कसं ठरवायचं, प्रत्येक घर आपलं माणूस मागणार. काठावर बसलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"मावशी," हेरमानने हळूच विचारलं, "यातला आपला मामा कुठला?"

रोस्नीदारने हातातलं हाड खाली ठेवलं आणि यूर्निसचा चिखलाचा हात धरला, तिच्या आधाराने उठली.

"यातले सगळे," ती म्हणाली. "जा, अकरा कफनांचं कापड घेऊन ये. अकराही आपल्याच घरातून निघतील."